कस्टमर रिफ्युज्ड

‘कस्टमर रिफ्युज्ड सिंथेटिक. फ्यूचर इंजिन प्रॉब्लेम कस्टमर रिस्पॉन्सिबिलिटी.’ हे असं माझ्या गाडीच्या जॉब कार्डवर टाईप झालं आणि खाली माझी सही घेतली. परवाची गोष्ट आहे, डोकं अजून तापलेलंच आहे. म्हणजे उद्या इंजिन बसलं की हे लोक कागद काढून दाखवणार, बघा साहेब, आम्ही सांगत होतो.

झालं काय तर वर्षाची सर्व्हिसिंग होती. पेट्रोल हॅचबॅक, वय झालंय पण तब्येत ठणठणीत. सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर म्हणजे तेवीस-चोवीसचा मुलगा, कानात ब्लूटूथ, हातात टॅब, त्याने मान वर न करता विचारलं, "सर, ऑइल साधं टाकायचं का सिंथेटिक?"

मी म्हटलं, फरक काय?

"सोळाशे रुपये."

नाही रे बाबा, कामात फरक काय? तर म्हणे, "सर, ऑइल म्हणजे इंजिनचं ब्लड असतं. सिंथेटिक म्हणजे प्रीमियम." मी म्हटलं ब्लड असेल तर आधी ग्रुप बघायला पाहिजे, मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय? त्याने पहिल्यांदा मान वर केली. "मॅन्युअल कोण वाचतं सर. तुमचं रनिंग किती?" वर्षाला पाच-सहा हजार असेल, मी सांगितलं. "मग साधंच घ्या सर. तुम्हाला काय."

हे जे ‘तुम्हाला काय’ होतं ना, ते माझ्या डोक्यात गेलं. म्हणजे तुम्ही काय, भाजी आणायला आणि रविवारी सासुरवाडीला, तुमच्या इंजिनला कशाला हवेत लाड. आणि नीट बघा, साधं घ्या हे तोच म्हणाला. टाईप करताना मात्र रिफ्युज मी केलं. सही करा सर. केली. मागे चार माणसं उभी होती, एकाने तर टॅबमध्ये वाकून वाचलं पण.

मग कस्टमर लाउंज. काचेच्या पलीकडे वर्कशॉप, अलीकडे एसी, आवाज बंद केलेला टीव्ही आणि ‘आउट ऑफ ऑर्डर’ चिकटवलेलं कॉफी मशीन. बसतो न बसतो तोच शेजारचे काका म्हणाले, "सही घेतली ना? माझी पण घेतात. मी रिफ्युज्डच्या पुढे ‘विथ थँक्स’ लिहितो."

काका सत्तरीच्या पुढचे, पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं, मांडीवर कापडी पिशवी. एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर. गाडी मुलाची, मुलगा हिंजवडीला मीटिंगमध्ये, सर्व्हिसिंगला बाप. "आत्ताचं तेल बघितलं का तुम्ही?" मी म्हटलं कुठलं? "अहो, जे आत्ता गाडीत आहे ते. ते काय म्हणतंय हे न बघता नवीन कुठलं घालायचं ते कसं ठरवता?" इथे मला ‘हो काका, बरोबर आहे’ एवढं म्हणून मोबाईल काढायचा होता पण काका उठलेच. काचेच्या दारावर ‘कस्टमर्स नॉट अलाउड’ असं ठळक लिहिलंय, ते दार ढकलून सरळ आत. मी मागे. गाडी माझी आहे, काय करणार.

गाडी अजून रॅम्पवर चढायची होती, बॉनेट उघडं होतं. काकांनी डिपस्टिक उपसली, पुसायला हात पुढे केला आणि मी, का कोण जाणे, माझा रुमाल दिला. स्वच्छ, इस्त्रीचा. पुसून परत आत घालून परत काढली, लेव्हल बघितली, मग दोन बोटांत तेल चोळून उजेडाकडे धरलं. मी म्हटलं, काळंकुट्ट झालंय की. "काळं झालंय म्हणजे काम करतंय. डिटर्जंट असतं त्यात, घाण स्वतःकडे ओढून धरतं. वर्षभर वापरून सोनेरी राहिलं तर घाबरायचं. कागद आणा."

कागद म्हणजे साधासुधा नाही. लाउंजमधला टिश्यू दिला, तो पातळ म्हणून नापास. मग अ‍ॅडव्हायजरचं व्हिजिटिंग कार्ड दिलं. काकांनी थेंब टाकला, थेंब तिथेच बसून राहिला. "गुळगुळीत आहे, पोटात काही शिरत नाही," असं म्हणून काकांनी कार्डावरचं नाव मोठ्याने वाचलं, तो मुलगा तिकडे काउंटरवर दचकला. शेवटी माझ्या एस्टिमेटची मागची कोरी बाजू पसंत पडली. काकांनी बरोबर मधोमध एक थेंब सोडला, डिपस्टिक जागच्या जागी खोचली, आणि आम्ही तो कागद आडवा धरून परत लाउंजमध्ये आलो, काका पुढे, मी मागून दार धरायला.

ही म्हणे ब्लॉटर टेस्ट. मी घरी येऊन शोधलं, खरंच आहे ती. तेल कागदात पसरतं, मधे काजळी राहते, बाहेर फिकट वर्तुळ होतं. डाग एकसारखा मऊ पसरला तर तेल अजून घाण पेलतंय, मधेच काळा गोळा होऊन कड ठसठशीत उठली तर दम संपला, आणि कड फाटकी-तुटकी आली तर तेलात पाणी. पण हे सगळं कळायला तासभर थांबायला लागतं, आणि तासभर लाउंजमध्ये एक माणूस टेबलावर कागद ठेवून त्याच्याकडे टक लावून बसलाय म्हटल्यावर बाकीचे किती वेळ टीव्ही बघणार? आधी एक एसयूव्हीवाले आले, काय चाललंय म्हणून. मग एक मॅडम, "काका, माझ्या पण गाडीचं बघता का?" काका म्हणाले, "डिपस्टिक घेऊन या." आणि त्या खरंच आत जाऊन घेऊन आल्या हो! हातात उभी धरून, टपटप करत, ग्रॅनाइटवरून. थोड्या वेळाने टेबलावर चार एस्टिमेटं उलटी पसरलेली, प्रत्येकावर एक काळा डाग, खाली गाडीचा नंबर पेनाने, आणि काका भिंग नसल्याबद्दल हळहळतायत. एसयूव्हीवाल्यांच्या डागाची कड जराशी जाड आली तर त्यांचा चेहराच उतरला, बायकोला फोन लावला त्यांनी. साफसफाईच्या मावशी आल्या, टेबल बघितलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काका, मागच्या येळंला पन तुमीच व्हता ना?"

काकांनी ऐकलंच नाही. माझा डाग हातात घेतला होता. "एकसारखा आहे. तेल अजून जिवंत आहे तुमचं. आता सांगा, डब्यावर नंबर काय?" मला कुठे माहीत. मग गाडीतून मॅन्युअल आणलं, प्लॅस्टिकच्या पिशवीतून पहिल्यांदाच बाहेर काढलं, आणि त्या जाडजूड पुस्तकात सीट कव्हर, ब्लूटूथ, मुलांना मागे बसवा वगैरे सगळं ओलांडून मागच्या पानांत एक ओळ सापडली: ०डब्ल्यू-२०. बास. एवढंच. साधं का सिंथेटिक असा प्रश्नच तिथे नाही.

आता यातली गंमत बघा. तो डब्ल्यू विंटरचा, आणि त्याच्या आधी शून्य असलं तर ते तेल उणे ३५ अंशांतसुद्धा इंजिन फिरू देईल इतपत पातळ राहायला लागतं. उणे ३५! पुण्याचा आजवरचा नीचांक १.७, तोही १९३५ सालचा. मी म्हटलं काका, हे तेल कात्रजच्या घाटात कशाला? तर म्हणाले थंडीचा प्रश्नच नाही, सकाळी चावी फिरवल्यावर पहिल्या काही सेकंदांत तेल वरपर्यंत पोचलं पाहिजे, झीज तेव्हा होते, आणि पातळ तेलाने पेट्रोल जरा कमी लागतं म्हणून कंपन्या पातळच सांगतात. पण एवढं पातळ तेल साध्या मिनरल बेसमधून, म्हणजे कच्च्या तेलातून नेहमीच्या पद्धतीने गाळून काढलेल्या तेलातून, होतच नाही. ०डब्ल्यू म्हटलं की ते सिंथेटिकच.

म्हणजे मी नक्की काय रिफ्युज केलं होतं?

मी काउंटरवर गेलो आणि म्हटलं मला ते ‘साधं’ दाखवा. दहा मिनिटं कोणी डबा शोधतंय, कोणी बॅरलमधून टाकतो म्हणतंय, शेवटी एक डबा आला. ०डब्ल्यू-२०. आणि खाली छापलेलं, ‘सिंथेटिक टेक्नॉलॉजी’. मी मुलाला दाखवलं. तो म्हणाला, "हो सर, पण हे साधं सिंथेटिक आहे."

या धंद्यात हे नवीन नाही म्हणा. अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध तक्रार केली होती की हे जमिनीतल्या कच्च्या तेलावरच प्रक्रिया करून त्याला सिंथेटिक म्हणतात, खरं सिंथेटिक म्हणजे रेणू जोडून बनवलेलं. १९९९ मध्ये तिथल्या जाहिरात क्षेत्राच्या निवाडा मंडळाने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला, आणि तेव्हापासून डब्यावरचा हा शब्द जाहिरातवाल्यांच्या ताब्यात. सेमी-सिंथेटिकचं तर विचारूच नका, सेमी म्हणजे किती टक्के हे डबा फिरवून फिरवून बघा, सापडत नाही. वर हे लोक घाबरवतात की एकदा सिंथेटिक टाकलं की परत मिनरलवर येता येत नाही. येतं. मानकात बसणारी तेलं एकमेकांत मिसळतात, मिसळावीच लागतात. ग्रेड, म्हणजे तो ०डब्ल्यू-२० वगैरे नंबर, बरोबर पाहिजे, विषय संपला.

पण तो विषय संपवायचाच नसतो ना कुणाला. इंजिन फ्लश करू का सर, एसी डिसइन्फेक्ट करू का सर, थ्रॉटल बॉडी क्लीन करू का सर, प्रत्येकाला नाही म्हणताना आपण गाडीचे गुन्हेगार. आणि हो म्हटलं तर काय टाकलं, किती टाकलं, टाकलं का नाही, कोण दाखवतो? बिलात ‘कन्झ्युमेबल्स’ असा एक आकडा असतो, तो काय आहे विचारा एकदा. चिंधी आणि ग्रीस. माझ्या रुमालाचे पण लावले असतील.

तर मी त्या मुलाला म्हटलं, तेल सिंथेटिकच आहे, मग माझी ती रिफ्युज्डची ओळ काढ. त्याने टॅबवर दोन-तीनदा बोट आपटलं. "सर, सिस्टिममध्ये सेव्ह झालं की एडिट होत नाही." मॅनेजर? लंचला. "आणि सर, फीडबॅकचा कॉल येईल, प्लीज दहापैकी दहा द्या, नाहीतर माझा इन्सेन्टिव्ह कटतो." हे मात्र त्याने मान वर करून सांगितलं. दिले मी दहा. त्याचा पगार काय असणार, आणि ती ओळ काही त्याने बनवलेली नाही. पण राग आहेच.

गाडी मिळाली तेव्हा काका माझ्या रिकाम्या डब्याला पेचकसाने भोकं पाडत होते, नाहीतर भंगारातून डबा उचलून भेसळीचं तेल भरतात म्हणून. मग त्यांनी माझा नंबर घेतला. मी दिला, त्याचं आता वाईट वाटतं. तेव्हापासून रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एक डाग येतो. शेजाऱ्याची गाडी, भाच्याची बुलेट, सोसायटीचा जनरेटर. खाली ‘अभिप्राय कळवा’. काल मी ‘छान’ लिहिलं तर लगेच फोन आला, "छान काय छान? कड बघा जरा, पाणी शिरलंय."