हक्क आमचा, वाट त्यांची

गेटवेहून मांडव्याला फेरीबोटीने तासभर लागतो. तिकीट काढायचं, वरच्या डेकवर बसायचं, वेफर्सचं पाकीट फोडायचं. अर्धं आपण खायचं, अर्धं पक्ष्यांना टाकायचं. एवढी सोय समोर धडधडत उभी असताना जो शिडाच्या बोटीने मांडव्याला निघतो, त्याचं काहीतरी बिनसलेलं असतं. माझं एवढंच बिनसलं होतं की मित्राला ‘नाही’ म्हणता आलं नाही.

मित्राने शिडाची बोट चालवायचा कोर्स केलाय. तेव्हापासून तो रिक्षावाल्यालाही उजवीकडे न म्हणता ‘स्टारबोर्डला घ्या’ म्हणतो. त्याच्या बोटीला इंजिन नाही. का नाही, हे मी विचारलं, तेव्हा मी देवळात चपला घालून शिरल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.

भरती नवाच्या सुमाराला होती. हे मित्राला मोबाइलने सांगितलं. सोबतच्या खलाशीकाकांनी मोबाइल काढलाच नाही. ‘‘आज बारस. तिथीच्या पाऊणपट वाजता भरती. बाराची पाऊणपट नऊ,’’ म्हणाले आणि बिडी पेटवली. बेत असा, की भरती भरली की निघायचं, मागून ओहोटी आणि जमिनीवरून मतलई वारा. मतलई वारे आणि खारे वारे मला शाळेत दोन मार्कांना आले होते. मी बाण उलटे काढले होते.

नवाचे साडेदहा झाले. थर्मास गाडीत राहिला होता, आणि लाइफ जॅकेटचा पट्टा माझ्या पोटावर कुठल्याच बाजूने पोचेना. मग दोर. बोटीवर ‘दोर’ नावाची वस्तूच नसते म्हणे, प्रत्येकाला स्वतंत्र नाव असतं. ‘‘शीट सोड!’’ मित्र ओरडला. मी बसलेली सीट सोडून उभा राहिलो आणि शिडाची आडवी काठी डोक्यावरून केसभर अंतराने गेली. केस नसते तर अंतर जास्त पडलं असतं, असं काका म्हणाले.

निघालो. मांडव्याची फेरी आम्हाला मागे टाकून गेली, लोकांनी हात हलवले. आम्हीही हलवले. पुढे लाल-हिरव्या बोयांमधला चॅनल लागला. मुंबई बंदर आणि न्हावा-शेवा, दोन्हीकडची मोठी जहाजं इथूनच आत-बाहेर करतात. आम्हाला तो फक्त आडवा ओलांडायचा होता. बरोब्बर मध्यावर मतलई वारा पडला. शीड वाळत घातलेल्या चादरीसारखं लोंबायला लागलं. आणि दूर एक कंटेनर जहाज दिसलं.

‘‘घाबरू नकोस,’’ मित्र म्हणाला, ‘‘इंजिनवाल्याने शिडवाल्याला वाट द्यायची, असा जगभरचा नियम आहे.’’

‘‘मग तो देईल?’’

‘‘इथे नाही. चॅनल सोडून ज्याला जाताच येत नाही, त्याला शिडवाल्याने अडवायचं नाही, असाही नियम आहे.’’

थोडक्यात, आपल्या झेब्रा क्रॉसिंगसारखं.

मग त्याने मला काम दिलं. डोलकाठीच्या तारेशी नजर लावून जहाज बघत बसायचं. ते पुढे-मागे सरकलं तर ठीक. जागचं न हलता नुसतं मोठं होत गेलं, तर टक्कर. मी मन लावून बघितलं. ते अजिबात हललं नाही. आधी आगपेटीएवढं होतं, मग कपाटाएवढं, मग आमच्या सोसायटीच्या बी विंगएवढं.

जहाजाने पाच आखूड भोंगे दिले. याचा अर्थ, ‘तुमचा इरादा काय आहे ते मला कळत नाही.’ आमच्या घरी हाच निरोप एका आठीत मिळतो.

काकांनी बिडी पाण्यात टाकली आणि वल्हं घेतलं. दुसरं मित्राने घेतलं. तिसरं नव्हतं, म्हणून मी डब्याच्या झाकणाने पाणी मागे ढकलू लागलो. भिंत शेजारून सरकत गेली. वरून एक माणूस वाकून आमच्याकडे बघत होता. त्याच्या हातात कप होता. तेव्हा मला आठवलं, थर्मास शेवटी गाडीतच राहिला.

पुढचा दीड तास ओहोटी आम्हाला फुकटात अरबी समुद्राकडे नेत होती. तीच फेरी परतताना भेटली, मग पुन्हा जाताना. तिसऱ्या खेपेला कुणी हात हलवला नाही. एका मुलाने मात्र आमच्या दिशेने वेफर फेकला.

दुपारी वायव्येकडून खारा वारा सुटला. बोट तिरकी झाली, मित्र सरळ झाला, आणि तीनच्या सुमारास आम्ही मांडव्याला लागलो. ‘‘परतताना तुला सुकाणू देतो,’’ तो म्हणाला.

मी फेरीचं तिकीट काढलं. वरचा डेक, वेफर्सचं पाकीट. चॅनलच्या अलीकडे एक पांढरं शीड दिसलं. मी उभा राहून हात हलवला. काकांनी वल्हं उचलून दाखवलं.