दोन इंचात अडीच हजार वॅट

कॉम्प्युटरला स्पीकर घ्यायचेत आणि खिशात हजारच रुपये आहेत? मग कानांच्या नादी लागू नका. कान फसवतात, खोका फसवत नाही. पुण्यात असाल तर तापकीर गल्ली गाठा आणि ज्या खोक्यावरचा आकडा रस्त्यापलीकडून वाचता येतो, तो उचला. '२५०० वॅट पीएमपीओ' दिसलं की घासाघीससुद्धा करू नका. रुपयाला अडीच वॅट पडतोय, आणखी काय हवं?

पीएमपीओ म्हणजे काय, असं विचारून दुकानदाराला अवघडवू नये. निमिषभरासाठी, तेही कागदावर, किती जोर निघेल याचा तो हिशेब. ज्यानं त्यानं आपापल्या पद्धतीनं करायचा, त्यामुळे नापास कुणीच होत नाही. त्याच खोक्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'आरएमएस' आणि पुढे ५ की ६ असा किरकोळ आकडा असतो. सलग वाजताना खरोखर मिळते ती ताकद एवढीच. तिथे अंगठा ठेवूनच खोका धरावा.

दुकानदार ढोल-ताशा लावून "घुमतंय बघा साहेब" म्हणेल, तेव्हा मान डोलवा. मोबाइलमधला रोजच्या ऐकण्यातला अभंग लावायचा हट्ट धरू नका. पखवाज आणि गाणाऱ्याचा गळा वेगवेगळे ऐकू येतात की सगळ्याचं पिठलं होतं, ते उगाच दुकानातच कळायचं.

घरी आल्यावर अडॅप्टर उलटा करून पाहू नका. तिथे '१२ व्होल्ट, १ अँपिअर' असं काहीतरी असतं आणि शाळेतलं विज्ञान आठवलं तर गुणाकार १२ वॅट येतो. यूएसबीवर चालणारी जोडी घेतली असेल तर बहारच. यूएसबी २.० च्या पोर्टातून नियमानं मिळतात ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट. आत अडीच, बाहेर अडीच हजार! न्हाणीघरातला २००० वॅटचा गिझर पाच मिनिटं जास्त राहिला की आई लाईट बिलाच्या नावानं ओरडते. इथे त्याहून मोठं प्रकरण दिवसभर वाजतंय आणि मीटरला पत्ता नाही. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम शिकवणाऱ्या सरांना मुद्दाम घरी बोलवा.

काहीच लावलेलं नसताना घूंऽऽ ऐकू येतं? तो विजेचा ५० हर्ट्झ. तानपुरा फुकट मिळाला समजा. दोन स्पीकरमधली वायर मात्र इतकी आखूड असते की डावा मॉनिटरच्या मागेच राहतो. राहू द्या.

खोका तेवढा रद्दीत घालू नका. नीट पुसून माळ्यावर ठेवा. तुमचे अडीच हजार वॅट त्याच्यावरच आहेत.