एडी व्हॅन हेलनचा टोन आणि १४० व्होल्टची थाप

व्हॅन हेलन या अमेरिकन बँडचा गिटारवादक एडी, त्याच्या आवाजाबद्दल गिटारवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं एक नुस्खा फिरतोय. मजकूर साधारण असा: "एडी व्हॅन हेलनचा ब्राउन साउंड हवाय? मार्शलला १४० व्होल्ट द्या, हॉट पिकअप लावा, गेन दहावर न्या, फेज ९० चालू ठेवा. बाकी सगळं बोटांत असतं." ब्राउन साउंड म्हणजे एडीचा तो खास फाटलेला आवाज, मार्शल हा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर (अ‍ॅम्प), पिकअप म्हणजे तारांची कंपनं विजेत बदलणारा भाग, गेन म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते बटण, आणि फेज ९० हे आवाज घुमवणारं पेडल. या पाच दाव्यांपैकी एकही जसाच्या तसा खरा नाही. पहिला तर धोकादायक आहे.

सुरुवात व्होल्टेजपासूनच करतो. ही अफवा कुणा अडाण्याने उठवलेली नाही, ती एडीनेच पसरवली. 'व्हॅन हेलन' हा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७८ मध्ये आला आणि हा आवाज निघतो कसा म्हणून सगळे त्याच्या मागे लागले. तेव्हाच्या मुलाखतींत त्याने ठोकून दिलं की व्हॅरिअ‍ॅक (व्होल्टेज कमी-जास्त करणारं यंत्र) लावून मी अ‍ॅम्पला १४० व्होल्टपर्यंत चढवतो. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टच्या आसपास. लोकांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून आपापले मार्शल जाळले. क्लबमध्ये टॅपिंग (दोन्ही हातांची बोटं गिटारच्या गळ्यावर आपटून) वाजवताना कुणी युक्ती चोरू नये म्हणून प्रेक्षकांकडे पाठ फिरवणारा हा माणूस. तो आपलं गुपित मासिकात छापायला देईल, असं कुणाला का वाटावं हे मला कधी कळलं नाही.

प्रत्यक्षात तो व्होल्टेज खाली आणत होता, सुमारे ९० पर्यंत. पुढे त्याने स्वतःच हे सांगितलं, आणि सुचलं कसं तेही. त्याने एक मार्शल घेतला तो ब्रिटिश व्होल्टेजवर (अमेरिकेच्या जवळपास दुप्पट) बसवलेला. अमेरिकन प्लगला लावला तर आधी काहीच ऐकू येईना. आतल्या ट्यूब (काचेचे व्हॉल्व्ह) तापल्यावर आवाज आला, अगदी पूर्ण उघडलेल्या मार्शलसारखा, पण हळू. मग काय, आधी घरातल्या दिव्याच्या डिमरवर प्रयोग, त्यात फ्यूज उडाला, आणि नंतर व्हॅरिअ‍ॅक.

व्हॅरिअ‍ॅक म्हणजे आपण कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये फिरवलेला डिमरस्टॅट. लोहार चाळीत आजही सहज मिळतो, आणि त्याची सुई २७० व्होल्टपर्यंत जाते. गंमत अशी की १२० चे १४० या हिशेबाने आपल्या २३० चे जवळपास २७० च होतात. म्हणजे नुस्खा तंतोतंत पाळायची सोय आपल्याकडे तयार आहे! कृपया पाळू नका. एडीचा मार्शल म्हणजे सुपर लीड; त्याच्या आत डीसी पुरवठा मुळातच साडेचारशे ते पाचशे व्होल्टच्या घरात असतो. एवढं व्होल्टेज दिलं की तो साडेपाचशेच्या आसपास जातो आणि जुने कपॅसिटर तिथे टिकतीलच असं नाही. ट्यूबच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात, त्यांना सुमारे ७.३५ मिळू लागतात. अ‍ॅम्प आणखी मोठ्याने आणि आणखी स्वच्छ वाजतो, म्हणजे हवं त्याच्या बरोबर उलट.

९० व्होल्टवर काय होतं? ट्यूब लवकर क्लिप होतात (सिग्नलची टोकं कापली जाऊन आवाज फाटतो), जोरात मारलेल्या कॉर्डला पुरवठा किंचित बसतो आणि पिकचा मार मऊ होतो. मात्र यातून घरात वाजवण्याजोगा आवाज मिळतो अशी समजूत करून घेऊ नका. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. पाऊणपट व्होल्टेजला १०० वॉटचे साधारण ५६ वॉट उरतात, म्हणजे फरक अडीच डेसिबलचा. शेजारी तरीही दार वाजवणारच.

आता गेन. सुपर लीडवर गेन नावाचं बटणच नाही. दोन चॅनेलचे दोन व्हॉल्यूम, प्रेझेन्स, बेस, मिडल, ट्रेबल, संपलं. गेन आणि मास्टर (एकूण आवाज) वेगवेगळे असलेला मार्शल १९७५ मध्ये आला. एडीचा अ‍ॅम्प साठच्या दशकातला. तो सगळं दहावर ठेवायचा हे खरं, पण तिथे फाटत होता तो मुख्यतः पॉवर सेक्शन, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या ईएल-३४ ट्यूब. आजच्या अ‍ॅम्पवर प्रीअ‍ॅम्पचा (त्याआधीच्या टप्प्याचा) गेन दहावर नेला की मिळतो दाट, मधमाश्यांच्या मोहोळासारखा गुणगुणाट. अल्बम लक्ष देऊन ऐका. कॉर्डमधला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो, आणि गिटारचा व्हॉल्यूम उतरवला की आवाज जवळजवळ स्वच्छ होतो. मॉडेलर (अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) वापरत असाल तर प्लेक्सीचं, म्हणजे अशा जुन्या मार्शलचं, मॉडेल निवडा, मास्टर वर ठेवा, आणि गेन वाटतो त्याहून कमी. पहिल्यांदा फारच कोरडं वाटेल. अ‍ॅम्पमध्ये गुप्त बदल करून घेतले होते ही दंतकथाही याच कुळातली. अ‍ॅम्प मूळचाच होता, असं नंतर एडीनेच सांगितलं.

हॉट पिकअपचं म्हणणंही उलटंच. फ्रँकनस्ट्रॅटमध्ये, म्हणजे एडीने स्वतः जुळवलेल्या गिटारमध्ये, होता तो गिब्सन ईएस-३३५ गिटारमधून काढलेला पीएएफ हा जुना पिकअप. अशा पिकअपचा रेझिस्टन्स साधारण ८ किलोओहम भरतो. आजचे हॉट म्हणून विकले जाणारे १४-१६ चे. त्याने केलं ते वेगळंच: पिकअप वितळलेल्या मेणात बुडवला, म्हणजे मोठ्या आवाजात किंचाळणार नाही, आणि थेट लाकडावर स्क्रूने बसवला. गिब्सनच्या पिकअपमधलं अंतर फेंडर ब्रिजवरच्या तारांना जुळेना, म्हणून तो तिरपा. इलेक्ट्रॉनिक्स म्हणाल तर एकच व्हॉल्यूम नॉब, त्यावर लिहिलेलं 'टोन'. शिवाय त्या अल्बममधली बरीच गाणी इबानेझ डिस्ट्रॉयरवर वाजवलेली आहेत, आणि टोन तरीही त्याचाच आहे. लाल-पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची गिटार घ्यायला कर्ज काढणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

फेज ९० सोलोला, तोही मंद वेगावर. कायम चालू नाही. त्याच अल्बममधल्या 'इरप्शन' या गिटार सोलोच्या शेवटी जो घुमत खाली जाणारा आवाज आहे तो युनिव्हॉक्सच्या टेप एकोचा. एडीने ते यंत्र एका जुन्या सरावाच्या बॉम्बच्या कवचात बसवलं होतं.

नुस्ख्यात नसलेली, पण माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे स्टुडिओ. हॉलिवूडच्या सनसेट साउंडमध्ये निर्माता टेड टेम्पलमन आणि इंजिनिअर डॉन लँडी यांनी गिटार बरीचशी डावीकडे ठेवली आणि तिचा रिव्हर्ब (घुमणारा प्रतिध्वनी) उजवीकडे. उजव्या कानातला इअरबड काढून ऐका: कोरडा, जवळचा, काहीसा उद्धट अ‍ॅम्प. आता फक्त उजवा ठेवा: बाजूच्या खोलीतून यावा तसा तोच आवाज. आपण ज्याला टोन म्हणतो तो या दोघांच्या मधे कुठेतरी आहे, आणि तो कुठल्याही पेडलमध्ये मिळत नाही. रिव्हर्ब स्टिरिओत उलट बाजूला टाकला तर मात्र घरच्या लॅपटॉपवरही निम्मी लढाई जिंकता येते.

राहिलं "सगळं बोटांत". याच्या पुराव्यादाखल अमेरिकन गिटारवादक टेड न्यूजंट सांगतो तो किस्सा हमखास येतो: तो एडीच्या सामानावर वाजवायला बसला आणि आवाज आला टेड न्यूजंटचाच. मला हा किस्सा पटतो. पण त्यातून सामान बिनमहत्त्वाचं ठरत नाही, वाजवणारा बदलला की वाजणं बदलतं एवढंच ठरतं. सामान खरंच बिनमहत्त्वाचं असतं तर एडीने घरचा फ्यूज कशाला उडवला असता? त्याच्या उजव्या हाताचा वाटा मोठा आहेच: तळव्याने दाबलेल्या तारा, आणि भाऊ अ‍ॅलेक्सच्या ड्रमशी धरलेली किंवा मुद्दाम सैल सोडलेली लय. ती मेट्रोनोमवर बसत नाही. ती शिकायची तर रेकॉर्ड लावून सोबत वाजवावं लागतं, आणि त्याआधी तारा साधारण अर्धा स्वर खाली उतरवाव्या लागतात. ट्यूनरवर नाही, कानाने, कारण तो बँडही नेमक्या ई फ्लॅटवर बसलेला नाही.