वलयं दाट असली म्हणजे ओक जड होतो का?

दोन फळ्यांचा एक फोटो वर्षानुवर्षं फिरतो आहे. एक फळी जुनी, बारीक बारीक वलयांची (झाड दरवर्षी खोडात लाकडाचा जो एक थर घालतं, ते वलय). दुसरी आजची, रुंद वलयांची. सोबतच्या मजकुरात हमखास ओकचं, म्हणजे युरोपातल्या कठीण लाकडाच्या एका झाडाचं, नाव येतं: थंड, नापीक, खडकाळ जागी सावकाश वाढलेला ओक सगळ्यांत जड आणि मजबूत, सुपीक जमिनीत भराभर वाढलेला भुसभुशीत. म्हणून घेताना वलयं मोजा, जितकी दाट तितकी फळी भक्कम. वर स्ट्रॅडिव्हेरियस या नामांकित इटालियन कारागिराच्या व्हायोलिनचा दाखला असतो. जिना किंवा जमीन करायला ओक घेणारी माणसं हे वाचून नेमकी उलटी फळी निवडतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पहिला समज: दाट वलयं म्हणजे घन लाकूड. ओकमध्ये साधारणपणे याच्या उलट घडतं, आणि त्याचं कारण झाडाच्या पाणी वाहून नेण्याच्या पद्धतीत आहे. ओकच्या पाणी नेणाऱ्या मोठ्या नळ्या हिवाळ्यात गोठून, हवेचे बुडबुडे अडकून निकामी होतात. त्यामुळे दर वसंतात, पानं पुरती फुटायच्या आधीच, झाडाला नव्या नळ्यांचा पट्टा घालावा लागतो. वर्ष चांगलं असो की वाईट, हा खर्च टळत नाही. या नळ्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मोठी नळी पाव मिलिमीटरच्या आसपास रुंद असते. म्हणजे हा पट्टा बराचसा पोकळ. त्यानंतर उन्हाळ्यात झाड जाड भिंतींच्या तंतूंचं गच्च लाकूड घालतं, आणि वजन येतं ते तिथून.

आता हिशोब करा. समजा नळ्यांचा पट्टा 0.7 मिलिमीटरचा आहे. वलय 1 मिलिमीटरचं असेल, तर गच्च लाकडाला उरले 0.3. वलय 3 मिलिमीटरचं असेल, तर उरले 2.3. पट्टा दोन्हीकडे जवळपास तेवढाच. वाढ चांगली झाली की भर पडते ती गच्च भागात. म्हणून ज्या ओकची वलयं केसाला केस लागल्यासारखी असतात, त्याचं लाकूड बहुतांशी छिद्रांचंच असतं. गच्च लाकडाचं प्रमाण कायम त्याच वेगाने वाढत जात नाही. वलयं खूप रुंद झाली की फरक मंदावतो. पण दिशा हीच राहते.

दुसरा समज: नापीक, थंड जागेचा ओक सर्वांत उत्तम. कशासाठी उत्तम, हे आधी विचारायला हवं. मध्य फ्रान्समधलं त्रॉन्से जंगल घ्या. तिथली माती हलकी, झाडं दाटीने आणि उंच वाढवलेली. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने सतराव्या शतकात आरमारासाठी या जंगलाची घडी बसवली. तिथल्या ओकची वलयं बारीक असतात आणि लाकूड तुलनेने मऊ. फ्रान्समधल्याच लिमुझँ भागात झाडं मोकळी, सकस जमिनीत वाढतात. वलयं रुंद, लाकूड जड आणि कठीण. कोन्याक या फ्रेंच ब्रँडीच्या पिंपांना परंपरेने लिमुझँचा ओक वापरतात, वाइनसाठी त्रॉन्सेचा मान मोठा. नाशिकच्या वाइन-उद्योगामुळे ओकच्या पिंपांची ही नावं आता मराठी माणसाच्याही कानावर येतात, आणि गोंधळाचं एक मूळ इथेच आहे. पिंप बांधणारे कारागीर 'बारीक ग्रेन' म्हणतात तेव्हा त्यांना वलयाची रुंदी सांगायची असते, वजन नव्हे. 'दाट वलयं' या शब्दांतला 'दाट' आपण लाकडाला चिकटवतो आणि ते घन आहे असं समजतो. म्हणून मी 'जवळजवळची वलयं' म्हणणं पसंत करतो.

हा भेद जुन्या सुतारांना चांगला माहीत होता. बाल्टिक किनाऱ्यावरून येणारा सावकाश वाढलेला ओक भिंतीला लावायच्या लाकडी तक्त्यांना आणि चित्रं रंगवायच्या फळ्यांना वापरत. रेम्ब्राँच्या काळातले डच चित्रकार अशाच फळ्यांवर रंगवत. रंधा सरळ चालतो, फळी कमी आकसते, कमी वाकते. जहाजाच्या सांगाड्याला मात्र इंग्लंडमध्ये शेताच्या बांधावर, कुंपणात ऐसपैस वाढलेला ओक मागत. हळू वाढलेला ओक वाईट आहे असं कोणी म्हणू नये. तो हलका, शांत, कामाला गोड असतो. फक्त जड नसतो.

आता तो फोटो आणि व्हायोलिन. फोटोतल्या फळ्या पाइन-फरसारख्या सूचिपर्णी, म्हणजे सुईसारख्या पानांच्या, झाडांच्या असतात. त्या झाडांत मोठ्या नळ्या नसतातच, आणि वाढ वेगात झाली की वलयात हलक्या लाकडाचाच वाटा वाढतो. तिथे दावा बराच खरा आहे. व्हायोलिनची वरची पाटी स्प्रूसची, तीही सूचिपर्णी. 1645 ते 1715 या थंड काळात वाढलेल्या लाकडामुळे त्या वाद्यांचा आवाज तसा झाला, ही 2003 साली मांडलेली एक कल्पना आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. आणि ओकशी तिचा काही संबंध नाही.

आणखी एक समज: झाड जितकं जुनं, लाकूड तितकं घट्ट. ओकमध्ये वलयाची रुंदी सारखी असली तरी गाभ्याजवळचं वलय जड असतं आणि सालीकडे जाताना घनता उतरत जाते. तीनशे वर्षांच्या झाडाच्या बाहेरच्या भागात वयही नडतं आणि बारीक वलयंही.

जंगलाचं नाव कळलं की लाकूड कळलं, असंही मानतात. जागेचा परिणाम खरा आहे: उन्हाळ्यात मुळांना पाणी मिळालं तर गच्च लाकूड जास्त बनतं, दुष्काळात तो भाग आटतो. पण एकाच जंगलात शेजारी उभ्या दोन ओकांत, वलयं आणि वय सारखं असूनही, घनतेत मोठा फरक सापडतो. फ्रान्समध्ये झालेल्या मोजमापांत झाडाझाडांतला हा फरक प्रदेशाप्रदेशांतल्या फरकापेक्षा मोठा निघाला. शिवाय युरोपातल्या जंगलांत ओकच्या दोन जाती मिसळलेल्या असतात, त्यामुळे 'अमुक ठिकाणचा' एवढ्याने जातही ठरत नाही.

हातात घेऊन वजन पाहा, असाही सल्ला देतात. फळ्या सारख्या वाळलेल्या असतील तरच तो उपयोगाचा. ताज्या कापलेल्या ओकचा घनमीटर 1000 किलोच्या आसपास भरतो, वाळल्यावर तोच साधारण 700. अर्धवट वाळलेली हलकी फळी पूर्ण वाळलेल्या जड फळीपेक्षा हाताला जड लागू शकेल.

आपल्या सागाचीही घडण याच जातीची आहे; वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला घातलेल्या नळ्यांचा पट्टा त्यालाही असतो. लागवडीच्या सागाला नावं ठेवताना भराभर वाढीवर खापर फोडतात, पण पंधरा-वीस वर्षांत तोडलेल्या झाडाची खरी अडचण वेगळी असते: त्यात बाहेरचं पांढरट लाकूड जास्त, पक्का गाभा कमी.

ओकची फळी घेताना तिचं कापलेलं टोक पटाशीने स्वच्छ तासा, ओलं करा आणि भिंगातून पाहा. छिद्रांच्या रांगांमध्ये गडद, गच्च पट्टा किती रुंद आहे ते बघा. जिन्याच्या पायऱ्यांना तो रुंद हवा. कोरीवकामाच्या दाराला अरुंद चालेल, कदाचित अधिक बरा.