गोळी बंद केली तरी दुखणं थांबलं नाही तर?

तुमच्या लेखात म्हटलंय की स्टॅटिनमुळे, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीमुळे, अंग दुखत असेल तर गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत बरं वाटतं. बहुतेकांचं तसं होतं हे खरंच, पण ज्यांचं होत नाही त्यांच्याबद्दल एक ओळ तरी हवी होती हो. माझ्या बाबांना अँजिओप्लास्टीनंतर अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० ही स्टॅटिनचीच गोळी सुरू झाली, दोन महिन्यांत जिना चढताना कठडा धरायला लागले, सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) ९०० च्या वर. डॉक्टरांनी गोळी थांबवली, चार महिन्यांनी परत तपासलं तर आकडा ७०० च्या खाली यायचं नावच घेईना आणि सगळे म्हणतायत वय झालं आता, चालायचंच.

शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टनी बाबांना फक्त मूठ घट्ट आवळून पटकन उघडायला सांगितलं, तर ती लवकर उघडेचना. मग ईएमजी (स्नायूंच्या विद्युत संदेशांची तपासणी), मग जेनेटिक टेस्ट, आणि निदान झालं मायोटॉनिक डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायूंचा आनुवंशिक आजार. ४६ व्या वर्षी झालेला मोतीबिंदूसुद्धा त्यातलाच, तेव्हा कोणाच्या डोक्यातच आलं नाही. म्हणजे आजार गोळीने दिला नाही, आधीपासूनच होता, गोळीमुळे उघडा पडला. कृपया लेखात एवढं जोडाच की गोळी मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांनी थांबवल्यावरही सीपीके वरच राहिला तर स्नायूंची नीट तपासणी करून घ्या. कारण या आजारात हृदयाचे ठोके बिघडू शकतात, दरवर्षी ईसीजी लागतो, ऑपरेशनच्या भुलेआधी सांगावं लागतं आणि प्रत्येक मुलात उतरायची शक्यता ५० टक्के. माझी आणि ताईची टेस्ट पुढच्या आठवड्यात आहे.