फोन माझा ना? मग कुलूप तुमचं कसं?

"मॅडम, पूर्ण पैसे? आत्ताच? का पण?"

आज दुकानातल्या पोरानं मला हे इतक्या काळजीनं विचारलं, की क्षणभर मलाच वाटलं आपलं काहीतरी चुकतंय.

माझ्या जुन्या फोनची बॅटरी दुपारी बाराला मान टाकते, म्हणून नवा घ्यायला गेले होते. सिम कंपनीच्याच दुकानात गेले, हा माझा मूर्खपणा. मॉडेल ठरलेलं, रंग ठरलेला, पैसे वर्षभर बाजूला टाकलेले. पाच मिनिटांचं काम. पन्नास मिनिटं गेली! आधी म्हणाला, ३६ महिन्यांच्या हप्त्यावर घ्या, फोन जवळजवळ फुकट पडतो. नको म्हटलं. मग २४ महिन्यांचं काढलं. तेही नको. मग जुना फोन द्या, वरचा प्लॅन घ्या, दर महिन्याच्या बिलात सूट येत राहील. म्हटलं, बाळा, येत राहणारं काही नको मला. पैसे घे, फोन दे, मी घरी जाते. तेव्हा तो खरंच गोंधळला. स्क्रीनकडे बघत हळूच म्हणाला, "सिस्टिममध्ये तसा ऑप्शनच येत नाहीये."

पैसे घ्यायचे आणि वस्तू द्यायची, याला दुकानात ऑप्शन नाही!

उठले. संध्याकाळी थेट फोन बनवणाऱ्या कंपनीच्या दुकानातून घेतला, एकरकमी, कुठल्याही सिमला न बांधलेला. तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून रात्री हे लिहितेय.

माझ्या जुन्या मंडळींना विमानतळाची गोष्ट पाठ आहे. त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. ऑफिसच्या कामासाठी पहिल्यांदाच एकटी परदेशी गेले होते. मध्यरात्री उतरले. बाहेर पडताच तिथलं सिम घेतलं, बाकावर बसून कानातल्याच्या टोकानं सिमचा ट्रे काढला (ती पिन कधी कुणाकडे वेळेवर असते?), नवं सिम बसवलं. फोन चालू झाला आणि स्क्रीनवर एक ओळ आली, हे सिम या फोनमध्ये चालणार नाही. मी परत काढलं, फुंकर मारली, पुसलं, परत घातलं. तीच ओळ. घरचं सिम तिकडे चालत नव्हतं, विमानतळाचं वायफाय चालू करायला मेसेजवर येणारा कोड लागत होता, आणि मेसेज यायला सिम हवं. बसा! आईला पोहोचल्याचा फोन गेला पाच तासांनी, हॉटेलच्या रिसेप्शनवरून. ती फोन चार्जरला लावून, तो मांडीवर घेऊन बसून होती. ओरडली नाही. "पोहोचलीस ना," एवढंच म्हणाली.

आणि ऐका, त्या फोनचा करार संपला होता. दोन वर्षांचे सगळे हप्ते फिटले होते, एकही उशिरा नाही. तरी दुसऱ्या कंपनीचं सिम चालू न देणारं ते कुलूप जिथल्या तिथं! परत आल्यावर भांडायला गेले तर उत्तर मिळालं, "तुम्ही अर्ज केला नव्हता." माझी वस्तू माझी व्हावी म्हणून मी अर्ज करायचा. तोही फोनचा पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, लिहून.

हा धंदा जुना आहे. २००७ मध्ये पहिला आयफोन आला तो अमेरिकेत फक्त एटी अँड टी या सिम कंपनीवर, दोन वर्षांच्या करारासकट. त्याच उन्हाळ्यात सतरा वर्षांच्या एका पोरानं ते कुलूप उघडून दाखवलं होतं. पुढच्या वर्षीच्या आयफोनची जाहिरात होती १९९ डॉलरची, आणि करार नको म्हणणाऱ्याला तोच फोन ५९९ला. २०१० मध्ये गूगलनं नेक्सस वन हा फोन काढला, सुटा घेतला तर ५२९ डॉलर, टी-मोबाइल या सिम कंपनीच्या दोन वर्षांच्या करारासह १७९. मधले साडेतीनशे डॉलर कंपनी काय प्रेमापोटी सोडत होती का? आवळा देऊन कोहळा काढायचा, तोही दर महिन्याला थोडा थोडा कापून.

"पण बिलात सूट मिळते ना," असं आता कुणीतरी खाली लिहिणारच. मिळते की. पण ती हातात कधी पडते? छत्तीस तुकड्यांत. अकराव्या महिन्यात तुमच्या गल्लीत रेंज येईनाशी झाली, दुसरी कंपनी घ्यावीशी वाटली, तर पुढची सूट बंद आणि फोनचे उरलेले पैसे एकदम टाका. म्हणजे रेंज नसलेल्या कंपनीला तुम्ही आणखी पंचवीस महिने पोसायचं. वर त्या फोनमध्ये त्यांची पाच-सहा ॲप, धड काढता न येणारी. अँड्रॉइडचं अपडेट आलं तरी सिम कंपनीनं तपासून सोडेपर्यंत थांबा, असंही कित्येकदा असतं.

हे फक्त माझंच रडगाणं नाही. २०१३च्या जानेवारीपासून अमेरिकेत नव्या फोनचं कुलूप कंपनीला न विचारता काढणं चक्क बेकायदा ठरलं होतं. लाखाहून जास्त लोकांनी व्हाइट हाउसकडे निवेदन दिलं, तेव्हा कुठे ऑगस्ट २०१४ मध्ये कायदा बदलला. कॅनडानं डिसेंबर २०१७ पासून सांगितलं की नवे फोन कुलपाशिवायच द्या. ब्रिटननं डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकायलाच बंदी केली. म्हणजे कुलूप नसलं तर कंपन्या बुडतात असं काही नाही बरं का.

बरं, मान्य. सगळ्यांकडे एकदम एवढे पैसे नसतात. माझ्याकडेही तेव्हा नव्हते, म्हणून तर करारात अडकले. आणि काही ठिकाणी सिम कंपनीचा हप्ता खरोखर बिनव्याजी असतो, हेही कबूल. पण मग त्याला कर्ज म्हणा की! "फुकट" का म्हणता?

त्या पोरावर मात्र मी उगाच चिडले. निघताना तो दारापर्यंत आला. म्हणाला, "मॅडम, सुटा फोन विकला तर आमच्या टार्गेटमध्ये धरत नाहीत." मग स्वतःचा फोन दाखवला. काच कोपऱ्यातून पार तडकलेली. "माझापण छत्तीसवरच आहे. एकोणतीस राहिलेत." फुटलेल्या काचेचे एकोणतीस हप्ते. माझा सगळा आवाजच गेला. बावीस-तेवीसचा असेल. त्याला मी "बाळा" म्हणून झापत होते, आणि त्याला तर बिचाऱ्याला माझ्यासारखं उठून जाताही येत नव्हतं.

त्याच्यावरचा राग गेला, त्याला तिथं उभं करणाऱ्यांवरचा वाढला.

तुम्ही घेणार असाल तर एक सांगते, कारण यात मीच एकदा फसणार होते. पूर्ण पैसे भरले म्हणजे फोन सुटा, असं धरून चालू नका. सिम कंपनीच्या दुकानातला फोन पूर्ण पैसे टाकूनही कुलूपबंद निघू शकतो. विचारा, आणि बिलावर लिहून घ्या. आपल्या नेटवर्कचे बँड (ज्या लहरींवर ते चालतं त्या) त्या मॉडेलमध्ये आहेत का तेही बघा, नाहीतर सुटा फोन घेऊन रेंज शोधत गच्चीवर फिराल. आणि हो, एकरकमी पैसे देताना पोटात गोळा येतोच. मलाही आला. कार्ड मशिनला लावलं तेव्हा हात थरथरला माझा.

घरी आल्यावर सगळ्यात आधी नवऱ्याचं सिम काढून त्यात घातलं, त्याची कंपनी वेगळी आहे. तो कुरकुरला. मी स्क्रीनकडे बघत बसले, त्या जुन्या ओळीची वाट बघत. ओळ आली नाही. रेंजच्या चार काड्या आल्या.

त्याच नंबरावरून आईला फोन लावला. "जावईबापू, एवढ्या रात्री? सगळं ठीक ना?" घाबरलीच बिचारी. मीच आहे म्हटल्यावर विचारलं, "किती पैसे दिलेस?" सांगितलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "एकदम?"

जुना फोन कुणाला हवा असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. बॅटरी बदलावी लागेल. कुलूप काढलेलं आहे.