निकॉनने शेवटचा एक फिल्म कॅमेरा काढलाच, तर...

...तो एफ६ सारखा नको. २००४ ते २०२० निघालेलं ते यंत्र थोरच, पण सीआर१२३ए बॅटऱ्या संपल्या की हातात उरतो जवळजवळ किलोभराचा ठोकळा. सर्किट गेलं तर साताऱ्यात सोडा, पुण्यातही कुणी हात लावेल का?

त्यापेक्षा २००१ चा एफएम३ए पुन्हा काढा आणि त्याच्या खोडी घालवा. शटर मात्र तेच हवं. डायल ‘ए’वर, म्हणजे ऑटोवर, असेल तर शटर किती वेळ उघडायचं ते इलेक्ट्रॉनिक ठरतं, आकड्यावर आणली की १ सेकंदापासून १/४००० पर्यंत सगळा कारभार स्प्रिंग आणि दातेरी चाकांचा. सेल मेले तर प्रकाश मोजणारा मीटर जातो, ‘ए’ जातो. फोटो थांबत नाही.

आता खोडी. व्ह्यूफाइंडरमध्ये ९३ टक्केच चित्र दिसतं. कासवर फुलं अगदी कडेपर्यंत बसवावीत, तर निगेटिव्हवर शेजारच्याचा बूटही हजर! शंभर टक्के द्या. मीटरची सुई सुरेख, पण तिन्हीसांजेला दिसत नाही. निकॉनच्याच जुन्या एफएम२ चे लाल दिवे अंधारात दिसतात, पण प्रकाश नेमका किती कमी-जास्त ते सुईइतकं बारीक सांगत नाहीत. सुईच ठेवा, मागे एक मिणमिणता दिवा लावा.

सगळ्यात मोठं दुखणं फोमचं. प्रकाश अडवायला मागच्या दाराच्या खाचेत असलेला आणि आरशाचा धक्का झेलायला त्याच्या वर असलेला फोम दमट हवेत काही वर्षांत चिकट काळा होतो. प्रकाश गळतो, आरसा फोमला चिकटून वरच अडकतो. आयसोप्रॉपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने तो खरवडून काढायचं काम म्हणजे शिक्षाच. खाच खोल करा, दाराला तरी फोम लागणारच नाही.

आणि धूळ. पालच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला की हळद डायलच्या फटीत आणि फिल्म ओढायच्या लिव्हरखाली जाते, घामाबरोबर तिचा लगदा होतो. तिथं जोरात हवा मारली तर ती आणखी आत शिरते. कॅमेरा उलटा धरून मऊ ब्रशनेच झटकावी लागते. डायल आणि लिव्हरच्या दांड्यांना रबराची कडी घाला, एवढं पुरे.

ऑटोफोकस नको. अ‍ॅपर्चरची, म्हणजे प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करायची, रिंग नसलेल्या निकॉनच्या जी लेन्स चालाव्यात हा हट्टही नको, त्यापायी आतली गुंतागुंत वाढते. रिंग असलेल्या जुन्या एआय (ऑटोमॅटिक इंडेक्सिंग) लेन्स बाजारात खंडीभर आहेत.

हो, स्क्रू. ते जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या, घाटाचे असतात. साधा फिलिप्स पेचकस लावला की डोकी झिजतात. कॅमेऱ्याच्या डब्यात गळ्यात अडकवायच्या त्या पिवळ्या पट्ट्याऐवजी एक जेआयएस पेचकस टाका. पट्टा तसाही कोण वापरतं?